भुतांचा फ्लेक्सवाला

खेडच्या एसटी स्टँडसमोर रघूचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी कंडक्टर म्हणून रिटायर झालो आणि घरी बायकोच्या पायात पायात यायला लागलो, तेव्हा तिनेच मला बाहेर पिटाळलं. तेव्हापासून सकाळचा पेपर मी रघूच्या बाकड्यावर बसून वाचतो. चहा त्याचा आणि मतं माझी, असा आमचा व्यवहार आहे.

रघू मूळचा केळशीचा. घरची होडी होती, पण या गड्याला होडीत पाय ठेवला की मळमळायचं. म्हणून तो आधी दुकानांचे बोर्ड रंगवायला लागला आणि संगणक आल्यावर फ्लेक्सकडे वळला. वाढदिवस, बारसं, क्रिकेटचे सामने, पुढाऱ्याचं आगमन, जे येईल ते करतो. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला मोकळी जागा म्हणजे फसवणूक वाटते. वर ग्रामदेवता, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांचे गोल, आणि एवढं करून कोपरा उरलाच तर तिथे वाघ. एक चेहरा राहिला तर भावकीत तंटा होतो. मी यावरून रोज करवादतो. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात; रघू हसतो आणि म्हणतो, "मास्तर, फ्लेक्स काय आपल्या बापाचा हाय? त्यांचा हाय, भरूदेत."

या रघूची पुतणी सानवी. तिचे वडील दीपक, म्हणजे रघूचा थोरला भाऊ, मुंबईला एका गोदामात कामाला आहेत. पोरगी संगणकाचं शिकली आणि सगळे मुंबईला जातात तेव्हा ही उलटी खेडला आली, काका-काकूंकडे राहायला. सकाळी दुकान सांभाळायची आणि उरलेल्या वेळात एकटीने भुताचा गेम बनवायची. गेमचं नाव 'तिसरी हाक'. आमच्याकडे म्हणतात, तिन्हीसांजेला मागून कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारील, भुताला तिसरी हाक मारता येत नाही. तेवढ्यावर पोरीने अख्खा गेम उभा केला होता. मी थोडा खेळून बघितला. आयुष्यभर रातराणीच्या गाड्या केलेला माणूस मी, पण खोटं कशाला बोलू, मान वळवायची भीती वाटली.

गेम चांगला होता, पण तो कुणाला माहीतच नव्हता. हे गेम इंटरनेटवरच्या एका दुकानात विकतात. तिथे प्रत्येक गेमला एक पान, पानावर एक चित्र आणि खाली चार ओळी माहिती. ते बघून लोकांनी 'मला हवा' अशी खूण करायची. खुणा वाढल्या की दुकानवालेच तो गेम पुढे दाखवतात. सानवीच्या पानावर कुणी थांबत नव्हतं. आणि दीपकने सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काय होतंय ते बघ, नाहीतर इकडे ये, एका कंपनीत शब्द टाकलाय. पोरीला जायचं नव्हतं. गेम चालला नसता तर तिला जावंच लागलं असतं.

"चित्राचं माझ्यावर सोड," रघू म्हणाला.

त्याने जीव ओतून काम केलं. दाखवायला आणलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा घातला. वर ग्रामदेवता. मध्ये आगीच्या ज्वाळांत सोनेरी, उठावदार अक्षरांत 'तिसरी हाक'. डावीकडे हडळ, उजवीकडे वेताळ. आणि खाली ओळीने गोल, त्यात गेममधली एकूण एक भुतं, शुभेच्छुकांसारखी. एकालाही वगळलं नव्हतं. उरलेल्या कोपऱ्यात 'आजच खेळा'. माहितीची सुरुवातसुद्धा त्यानेच करून दिली होती, 'सर्व भूतप्रेमींना आग्रहाचे निमंत्रण'.

काकाचं मन मोडवेना म्हणून सानवीने ते इंटरनेटवरच्या दुकानाकडे पाठवलं. ते परत आलं. चित्रावर गेमच्या नावाशिवाय एक अक्षर चालणार नाही, असा त्यांचा नियम. सानवी हळूच म्हणाली, "काका, आणखी एक हाय. लोक ते फोनवर बघणार. नखाएवढं दिसणार." तिने ते नखाएवढं करून दाखवलं. नुसता चिखल दिसला. ती आधी हसली आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रघू चहा न पिता तसाच बसून राहिला, आणि त्याला तसं बघून मला वाईट वाटलं.

मला वाईट वाटलं की मी चिडतो. समोर स्टँडच्या भिंतीला रघूनेच केलेला एक श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलेला होता. गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबत होता. मी म्हटलं, "ते बघ. तुझ्या वाघाकडे, ज्वाळांकडे काळं कुत्रं बघत नाही. लोक थांबतात ते मेलेल्याकडे!"

रघूने वर बघितलं आणि बघतच राहिला. श्रद्धांजली हा एकच फ्लेक्स असा, की त्यात गिऱ्हाईक मोकळी जागा मागतं. एक फोटो, एक हार, एक नाव.

लगेच त्याने संगणकावर पांढरी पाटी घेतली, मध्ये चौकट आणि चौकटीला झेंडूचा हार. आता आत फोटो कुणाचा? सानवी म्हणाली, "माझा घाला." तेवढ्यात रघूची बायको विमला डबा घेऊन आली. तिने पडद्यावर नजर टाकली आणि डबा आपटला.

"जित्या पोरीच्या फोटूला हार घालतंस? डोस्कं फिरलंय काय तुजा?"

"मग कुनाचा घालू?"

"कुनाचाच नको. तशीच ऱ्हाऊदे."

रघूने चौकट तशीच ठेवली, रिकामी. आत नुसता काळोख, आणि त्यात लांबवर गेममधली आंब्याची बाग पुसट दिसेल न दिसेल एवढीच. खाली नाव. नखाएवढं करून बघितलं, तरी हार आणि मोकळी चौकट लख्ख दिसत होती. बघताना वाटायचं, ही जागा कुणासाठी ठेवली आहे? विमलाने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "हे नको बाय. भ्या वाटतं."

"झालं काम," रघू म्हणाला.

माहितीच्या ओळीही मग विमलाकडूनच आल्या. सानवी लहानपणी सुट्टीत गावी आली आणि बागेत जायला निघाली की विमला जे बजावायची, तेच पोरीने तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि इंग्रजीबरोबर मराठीतही लिहिलं: 'दिवेलागणीला बागेतून घरी यायचं. मागून आईचा आवाज येईल. ओ देऊ नको. पुन्हा येईल. ओ देऊ नको. तिसऱ्यांदा येतो का, त्याची वाट बघ.' गेम किती तासांचा, कसा खेळायचा, ते सगळं त्याच्याखाली.

नवं पान लागलं आणि लोक थांबायला लागले. कुठकुठल्या देशांतले लोक खुणा करू लागले, दुकानवाल्यांनीही गेम पुढे घेतला. सानवीने आनंदाच्या भरात ते चित्र खालच्या ओळींसकट गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आमची माणसं खालचं वाचतात थोडीच! हार दिसला की हात जोडायचे. तासाभरात ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. एकाने तर लिहिलं, 'फार मनमिळाऊ होते.' मी एवढा हसलो की ठसका लागला.

दुपारी विमला डबा घेऊन आली तेवढ्यात दुकानात दीपकचा फोन आला. रघूने स्पीकर लावला.

"रघू, कोन गेला रं?"

"कोन नाय गेला, दादा. सानवीचा गेम हाय तो. खालचं वाच."

फोन बंद झाला. आता शिव्या पडणार, असं आम्हाला वाटलं. सानवी नखं खात उभी. बऱ्याच वेळाने पुन्हा फोन आला.

"वाचलं मी," दीपक म्हणाला. "गोदामात, भर दुपारी, मागं वळून बघितलं." मग म्हणाला, "सानू, मला बारावीनंतर कुनी इचारलंन नाय, ऱ्हातंस काय म्हणून. मुंबईच्या गाडीत बसवलानी. मी कंपनीवाल्यांना सांगतो, पोर येत नाय. तू ऱ्हा तिकडंच."

सानवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रघू भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. शेवटी विमलाच पुढे झाली आणि फोन हातात घेऊन म्हणाली, "भावजी, जेवलाव काय?"