मद्रासला मासे बघायला

रेल्वेत नोकरी म्हणजे फुकटचा प्रवास, असं सगळ्या सोलापूरला वाटायचं, माझी बायको सोडून. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली तरी मी तिला कुर्डुवाडीच्या पुढं नेलं नव्हतं, आणि तिथंही नेलं ते उतरून करमाळ्याला भावाकडं जायचं म्हणून. कचेरीत पास लिहिणारा कारकून मीच. दिवसभर कुणाला काशीचा, कुणाला नाशिकचा पास लिहून द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणायचं, "पुढच्या वर्षी बघू." बघू हा माझा लाडका शब्द होता. त्यात हो म्हटल्याचं पुण्य मिळतं आणि करावं काहीच लागत नाही.

त्या वर्षी मुलगी अकराची झाली होती आणि मुलगा चारचा. मुलानं काड्यापेटीवर वाघ पाहिला आणि खरा वाघ दाखवा म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी मुलीला म्हटलं, "तू शाळेत जातेस, तूच ठरव कुठं जायचं ते. वैशाखात जाऊ." ठरवता ठरवता हेही वर्ष निघून जाईल, असा माझा हिशेब. पण पोरगी माझ्यासारखी नव्हती. ती आईवर गेली होती.

तिनं पाटी घेतली आणि जो भेटेल त्याला विचारत सुटली. माझे हेडक्लार्क घरी आले तर त्यांच्याकडून मुंबईच्या राणीच्या बागेची सगळी माहिती काढून घेतली. हत्तीवर बसू देतात का, सिंह दुपारी झोपतो का, झोपला तर उठवतात का. त्या भल्या माणसानं बाग एकदाच पाहिली होती, तीही बाहेरून. म्हैसूरला राजाचा मोठा प्राणिसंग्रह आहे असं एका गार्डानं सांगितलं. ते तिनं लिहिलं आणि तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते हे कळल्यावर पुसलं. धाकट्याला घेऊन तीन गाड्या नकोत, म्हणाली. अकरा वर्षांची पोर!

मग शेजारची म्हातारी तिला भेटली. शेजारी तेलुगू विणकरांचं बिऱ्हाड होतं. दोन माग, सकाळपासून खटखट. त्यांची म्हातारी तरुणपणी मद्रासला जाऊन आली होती. तिनं सांगितलं की तिथं समुद्राच्या काठी एक घर आहे, त्याच्या भिंती काचेच्या, काचेमागं पाणी आणि पाण्यात जिवंत मासे. "चेपलु! चेपलु!" असं माशांचं तेलुगू नाव घेत ती दोन्ही हात पसरायची. एकेका माशाचा रंग असा की तसा काठ आमच्या मागावर आजवर उतरला नाही, असं विणकराच्या घरची बाई सांगते म्हटल्यावर मुलीला ते खरं वाटणारच. आमच्याकडं नळाला पाणी आलं की बायका धावत सुटायच्या. आणि तिथं म्हणे भिंतभर पाणी नुसतं बघायला ठेवलंय! त्या रात्री तिनं मला तीन वेळा विचारलं, की ते पाणी बदलतात कसं. मला काय ठाऊक?

चार दिवसांनी निकाल लागला. "आबा, मुंबईला नुसती जनावरं. मद्रासला स्टेशनाजवळच्या बागेत वाघ हाय, आणि समुद्रावर मासे हायेत. शिवाय गाडी बदलायची नाही, मेल हितनं सरळ तितंच जाती."

करमाळ्याहून माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आले होते, ते तेवढे बोलले. "मासं बगाया मद्रासला? आपल्या सीनंला काय मासं न्हाईत व्हय?" मुलगी म्हणाली, "दादा, सीना नदीतले टोपलीत असतात." सगळे हसले. दादाही हसले.

रायचूरच्या पुढं दुसऱ्या कंपनीची लाइन होती. तिकडचा पास मागवायला दोन-तीन महिने लागत. म्हणून मी मार्गशीर्षातच अर्ज पाठवला. स्वतः, पत्नी, एक मुलगी, एक मुलगा. मुलीनं तो अर्ज दोनदा वाचला आणि शाई वाळेपर्यंत जवळ बसून राहिली. तिला नियम सगळे पाठ होते. घरी जेवताना मी कचेरीतल्या गमती सांगायचो, त्यातली एक माझी फार आवडती होती. एका फायरमननं अर्जात लग्न झालेली मुलगी लिहिली. मी तांबड्या शाईनं ती खोडली आणि म्हटलं, "बाबा रे, लग्न झालं की मुलगी कंपनीच्या दृष्टीनं तुझी नव्हे." तो बिचारा माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला होता. मी ते सगळं नक्कल करून सांगायचो.

त्याच हिवाळ्यात मुलींच्या लग्नाच्या वयाचा नवा कायदा येणार म्हणून ओरड झाली. चौदाच्या आत मुलगी उजवली तर दंड, वेळ पडली तर कैद. लागू होणार चैत्रात. कायदा चांगला आहे, असं मी वाचनालयात, कचेरीत, चारचौघांत मोठ्यानं बोलत होतो. एकदा तर टेबलावर हात आपटून बोललो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण पौषात दादा स्थळ घेऊन आले.

"मंगळवेढ्याचं घर हाय. शंभर एक खंडी ज्वारी पिकती. पोरगं शाळंत हाय. आत्ता न्हाय म्हनलास तर फुडं तीन वरसं पोरगी घरात, आन् तवर आसलं स्थळ ऱ्हातंय व्हय? आन् कायदा मोडशील तर नोकरी जाईल तुजी. त्यापरीस माघात उरकून टाकू."

ज्या दादांनी मला शिकवलं, माझ्यासाठी स्वतः शाळा सोडून नांगर धरला, त्यांच्यापुढं माझी वाचनालयातली वाचा बसली. मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं माझ्याकडं. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्यानं नाही म्हणावं. त्या माघात लग्नांचा असा सुकाळ झाला की वाजंत्री मिळेना. मांडीवर बसवाव्यात अशा पोरी बोहल्यावर उभ्या राहत होत्या. त्यात आमची अकरा वर्षांची म्हणजे लोकांच्या मते चांगली जाणती होती.

हळद लागत होती तेव्हा तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. हातभर हळद, कपाळाला मुंडावळ्या. मला वाटलं, आता रडणार. ती हळूच म्हणाली, "आबा, पासावर मी बसते का अजून?"

मी म्हणालो, "बघू."

लग्नानंतर ती आमच्याकडंच राहिली. वयात येईपर्यंत माहेरी, सणावाराला सासरी, अशी तेव्हा रीत होती. शाळा सुटली, बाकी सगळं तसंच. आणि चैत्रात मद्रासकडचा पास आला. स्वतः, पत्नी, एक मुलगी, एक मुलगा. मी दोन दिवस तो खणात ठेवला. मुलगी खोडली नसती तर कुणाला कळलं असतं? तपासणारा मीच. पण गळ्यात मंगळसूत्र घातलेली पोर बघून एखाद्या तिकीट तपासनिसानं हटकलं तर? मी तांबड्या शाईची दौत उघडली आणि 'एक मुलगी' खोडून साहेबाची सही घेतली. रेघ सरळ आली. इतक्या वर्षांची सवय.

तिचं तिकीट काढणं काही मला जड नव्हतं. अडचण वेगळीच होती. ती आता दुसऱ्यांची सून होती, आणि परमुलखात न्यायची तर त्यांना विचारायला हवं होतं. व्याही म्हणजे भरदार मिशांचा, मोठ्या पटक्याचा माणूस. लग्नाचे दोन्ही दिवस कुणाशी चार शब्द बोलले नाहीत. हा ताठा, असं मी मनाशी धरलं. बायको म्हणाली, "एक पत्र लिहा." मी म्हणालो, "आपण मुलीकडचे." ती म्हणाली, "अहो, मागायचं नाही, नुसतं विचारायचं." दादांना विचारलं तर ते म्हणाले, "वरीस व्हायच्या आत काय बी इचारू नगंस. मासं बगाया सून न्हेतो म्हनलास तर हसत्याल. तुजं जाऊ दे, पोरीला आयुष्यभर टोमनं खावं लागत्याल."

मी तीन वेळा पत्र लिहायला बसलो. तिन्ही वेळा 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' इथवर आलो आणि पुढं शब्दच सुचेना. पासाचे अर्ज हजारो लिहिले असतील, पण स्वतःसाठी एक ओळ लिहिता येईना.

मुलगी मात्र रोज विचारायची. शेवटी एका संध्याकाळी, सायकल भिंतीला टेकवता टेकवता, मी म्हणून गेलो, "तुझ्या सासऱ्यांनी नको म्हटलंय."

"पत्र आलं?"

"हो."

"बघू."

"कचेरीत राहिलं."

पाटी कोनाड्यात होती, ती तिनं धाकट्याला दिली आणि वाघ काढून दाखवला. बायकोनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला खोटं पाडलं नाही, आणि याचं मला तेव्हा बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

आम्ही मद्रासला गेलो. का गेलो, तर पास होता, रजा मंजूर होती, धाकट्याला कबूल केलं होतं. मुलीला करमाळ्याला ठेवलं. वाघ पाहिला. मग समुद्रावरच्या त्या घरात गेलो. म्हातारीनं सांगितलं होतं ते एकूण एक खरं होतं. अर्धवट अंधारात हिरवट उजेडाच्या पेट्या आणि त्यांत ते रंग, ती संथ वळणं. मासे तोंडं अशी उघडमीट करत होते की काहीतरी सांगतायत असंच वाटावं. धाकटा काचेला नाक लावून किंचाळत होता. बायको एकाही पेटीपुढं थांबली नाही. दारापाशी जाऊन म्हणाली, "ती असती तर इथून हलली नसती." मला वाटलं, आत्ता गाडीत बसावं, करमाळ्याला जावं आणि पोरीला उचलून आणावं. असं वाटून काय उपयोग? मी पाणी कसं बदलतात ते तिथल्या माणसाला विचारलं. तो तमिळ, मी मराठी. दोघंही हसलो आणि विषय संपला.

परत आल्यावर मुलीनं मद्रासबद्दल अवाक्षर काढलं नाही. गौरीला सासरी गेली, आली. दसऱ्याला पुन्हा गेली.

दिवाळसणाला जावयांना बोलावलं. त्यांना आणि मुलीला घेऊन व्याही मंगळवेढ्याहून मोटारीनं आले. पहिल्याच दिवशी सकाळी ते मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, पोर गुणाची हाय. आमच्या मंडळींसंगं बोलती, हासती. पर माज्याशी एक शबुद न्हाय. लाजनं येगळं, ही मान फिरवून जाती. माजं काय चुकलं आसंल तर इचारा की तिला."

एवढा मोठा माणूस, पटका हातात घेऊन, माझ्याकडं बघत उभा. मला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "लहान आहे अजून. होईल सवय." माणूस एकदा खोटं बोलला की त्याला तिथंच मुक्काम करावा लागतो.

आम्ही फराळाला बसलो. व्याही, जावई, मी आणि धाकटा. मुलगी करंज्यांचं ताट घेऊन वाढायला आली. धाकट्यानं चकलीचा तुकडा हातात धरून पाव्हण्यांना दाखवला. "मद्रासला असा वाकडा मासा होता. आणि एक एवढ्ढा!"

व्याही म्हणाले, "आरं व्वा! मद्रासला कवा गेला हुतास?"

"उन्हाळ्यात. आबा, आई आणि मी."

"आन् आमच्या सूनबाई?"

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, पोरीला न्हाय न्हेलं?"

मी म्हणालो, "तुमची परवानगी... म्हटलं, विचारावं कसं..."

"आता काय म्हनावं!" ते मांडीवर थाप मारून हसले. "अवो, एक कार्ड टाकायचं की! आमी कशाला न्हाय म्हनलो आसतो? उलट म्या म्हनलो आसतो, मलाबी न्या. आमच्या मंगळवेढ्याला पान्याचाच पत्ता न्हाय, मासं कुटनं बगावं?"

जावईही हसले. मी वर पाहिलं. मुलगी ताट धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. राग असता तर मी सोसला असता. ती नुसती बघत होती, पाटीवरचं गणित कुठं चुकलं ते बघावं तशी. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मग तिनं पदर सारखा केला, सासऱ्यांपुढं वाकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मामंजी, आणखी एक करंजी घ्या की."

व्याह्यांनी दोन घेतल्या. "बोलली की वो पोर!" असं मला म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं जावयांना वाढली, धाकट्याला वाढली. माझ्यापुढून ती तशीच गेली. ताटात चार-पाच करंज्या शिल्लक होत्या. मागायची माझी हिंमत झाली नाही.