बारा अक्षरांचं कुलूप

दोन हजार चारच्या आसपास मी कोल्हापुरात वेबसाइटी बनवायचो. म्हणजे एकच बनवली होती, हुपरीच्या एका पैंजणवाल्या मालकांची. फोटोखालची एक ओळ बदलायची तरी ते मला फोन करत. कंटाळून मी सर्व्हरवर एक स्क्रिप्ट बसवली. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, पासवर्ड द्यायचा, हवं ते खोडायचं नि लिहायचं.

सोबतच्या सूचना मी पोथीसारख्या वाचल्या. फोल्डरचं नाव बदला; बदललं. काम झाल्यावर इन्स्टॉलची फाइल पुसा, पुसली. तीनदा पासवर्ड चुकला तर तासभर आत घेऊ नका. तीही सोय केली. पासवर्ड अवघड ठेवा. बारा अक्षरांचा ठेवला, माझा मलाच पाठ होईना. मालकांना बजावलं, "हा कुठं लिहायचा नाही."

"मग पाठच करतो की."

कारखान्यात पॉलिशचं फिरतं पिंप खडखडत होतं. मालक फोनवर आधी पानाचा पत्ता, मग पासवर्ड, एकेक अक्षर पाढ्यासारखं ओरडून म्हणत होते आणि मी इकडून "अजून एकदा" म्हणत होतो. चार वेळा म्हणवून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "पावणं, वेबसाइटीत कोणतरी शिरलंय. राजकोटचा व्यापारी आत्ता तासाभरात बघून दिवाळीची ऑर्डर देणार हाय, आन हितं बघा काय लिवलंय."

सगळ्यात देखण्या पैंजणांखाली लिहिलं होतं: ‘ही घुंगरं समोरच्या घरातल्या काकूंनी जोडलीत. मालकांना जोडता येत नाहीत.’

मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. चोरानं पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर दिला होता. ही परदेशी टोळी असणार, असं मी मालकांना समजावलं. रशियाचं नावही घेतलं.

"पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला सांगीन? मी आन तुमी."

फोनवरच मालकांच्या मागून एका बाईचा शांत आवाज आला. "आन आख्खी गल्ली. शेवटी सात हाय."

जोडलेली घुंगरं पोचवायला आलेल्या त्याच समोरच्या काकू होत्या. सुनेला सायबर कॅफेत नेऊन त्यांनी ते लिहून घेतलं होतं.

मी वाक्य खोडायला धावलो आणि घाईत तीनदा पासवर्ड चुकवला. स्क्रिप्टनं मला तासभर दाराबाहेर उभं केलं. तेवढ्यात व्यापाऱ्यानं पान बघितलं, आहे तसं. त्यानं मालकांना विचारलं, ऑर्डर दिली तर घुंगरं याच काकू जोडणार ना? मालक आधी हो म्हणाले आणि मग समोरच्या घरी विचारायला गेले.

संध्याकाळी मला फोन. "ते खोडू नगा."

"काकू तयार झाल्या?"

"झाल्या की."

"मग दुसरं वाक्य तरी काढतो, मालक. तुम्हाला जोडता येत नाही, ते."

पलीकडे पिंप बंद होतं, त्यामुळे त्यांचा सुस्कारा नीट ऐकू आला.

"ऱ्हाऊ द्या. त्याच अटीवर तयार झाल्यात."