जादूगार राजपालचे स्वतःचे पत्ते

ठाणाकुशनूरच्या राजपालने तीस वर्षे स्वतःचे पत्ते कधी बाळगले नाहीत. ज्या गावात खेळ, त्या गावच्या पारावरून तो कॅट मागून घ्यायचा. मळका, घामाने चिकटलेला, एखाददुसरे पान मुडपलेले. पिसायचे लोकांनी, कापायचे लोकांनी, आणि मनातले पान राजपालने नेमके काढायचे. पत्तेच त्यांचे, मग शंका कुणावर घेणार? लोक तोंडात बोटे घालायचे. हा मान त्याने हात झिजवून मिळवला होता आणि त्याचा त्याला गर्वही होता. का नसावा?

मग साखरेचा आजार झाला आणि बोटे आखडली. शर्टाची बटणेही बायको, पंचशीला, लावून द्यायची. अशात हैदराबादच्या एका छापखान्याची जाहिरात मोबाइलवर आली. जादूगारांसाठी खास पत्ते, एका टोकाला केसभर निमुळते. समोरच्याच्या हातात पान असताना गड्डी गुपचूप फिरवून खालचे टोक वर करायचे. पान परत आत गेले की त्याची कड किंचित बाहेर राहते, आखडलेल्या बोटालाही लागते. शिवाय पाठीवर हवे ते छापून मिळणार. राजपालने फेटा बांधून फोटो काढला आणि बावन्न पानांवर स्वतःला छापून घेतले. हौसच ती.

‘‘फोटो कामून टाकायलाव?’’ पंचशीलाने विचारले.

‘‘लोक पान बघत्यात. पाठ कोण बघायलंय?’’

खटकचिंचोळीच्या जत्रेत त्याचा खेळ दरवर्षी ठरलेला. ठरवायचा बियाण्याचा दुकानदार बसलिंगप्पा. खेळाआधी तोच उभा राहून सांगायचा, ‘‘ह्याच्याकडं काय बी न्हाई, नुसते हात हायत.’’ यंदाही तो तेच बोलला. राजपालने मान खाली घातली, पण खिशातून नवाकोरा कॅट काढलाच.

बसलिंगप्पाच्या बायकोने, दानम्माने, बदामाची राणी काढली, सगळ्यांना दाखवली आणि राजपालने तेवढ्यात फिरवलेल्या गड्डीत परत घातली. आता पिसायचे लोकांनी, हा राजपालचाच जुना शिरस्ता. सवयीने त्याने गड्डी तिच्याच हातात दिली. गुळगुळीत पत्ते तिला पिसता येईनात, म्हणून तिने ते टेबलावर पालथे पसरले आणि राजपालला विचारले,

‘‘अण्णा, सगळ्यात तुम्ही सरळ हाव. ह्या एकातच डोकं खाली कसं?’’

कुणीतरी ते पान उलटले. बदामाची राणी. मंडप हसून हसून लोळला. एकाने पत्त्यांच्या कडा चाचपल्या आणि उरलेलेही बिंग फुटले.

बसलिंगप्पा मात्र हसला नाही. त्याने पारावरून जुना कॅट मागवला. ‘‘घे. ह्याच्यावर कर.’’ अजून त्याचा विश्वास होता, हेच राजपालला जास्त लागले. त्याने गड्डी घेतली, अंगठा दाबला, बोट वाकेना. पत्ते मातीत सांडले. लोक उठून पाळण्यांकडे गेले.

सामान बांधताना बसलिंगप्पा जवळ आला.

‘‘आमचे अप्पा मरेस्तोवर सांगायचे, राजपालनं माझ्याच कॅटातून माझं पान काढलं म्हणून. त्यो कॅट बी तू बदलला हुतास, व्हय?’’

‘‘न्हाई, अण्णा. देवाशप्पत म्हणायला मी देव मानत न्हाई. पण न्हाई.’’

‘‘मग एकदा करून दाव की.’’

राजपालकडे दाखवायला आता काही नव्हते. तीस वर्षांचे खरे त्याने स्वतःच्याच फोटोखाली गाडले होते. बसलिंगप्पा निघून गेला. बापाची ती गोष्ट त्याने पुन्हा कुणाला सांगितली नाही.