वय अंदाजे पंचवीस

या प्रकरणात तारखा तीन आहेत आणि जबाबदार व्यक्ती चार. नागपंचमीच्या आधीचा सोमवार: गुन्हा कानी आला. त्याच आठवड्यातील बुधवार: तक्रारअर्ज टपालात पडला. पंचमीनंतरचा शनिवार: चौकशी झाली. साल बाहत्तरच्या दुष्काळानंतरचे. जबाबदार व्यक्ती अशा: हे सारे चालू देणारे शाळेचे मुख्याध्यापक, चुडाव्याहून बदलून आलेल्या मास्तरीणबाई, एक नामालूम स्त्री आणि चौथी असामी, जिचे नाव मी शेवटपर्यंत लांबवणार आहे, कारण त्यात माझी सोय आहे.

झरीतील आमच्या घराची मागची भिंत हीच प्राथमिक शाळेच्या अंगणाची भिंत. तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून दुपारी दोन ते चार मी तिला टेकून बसून पत्रे लिहीत असे. (विषय: रस्ता, टपाल, कोंडवाडा आणि शेजाऱ्याचा उकिरडा. उत्तरे आलेली नाहीत.) त्या सोमवारी भिंतीपलीकडे टाळ्या, फुगडीच्या पावलांची धपधप आणि एका बाईचे खणखणीत गाणे सुरू झाले. गाणे थांबले की मास्तरीणबाई विचारत, "टाळी कुठं पडली?"

"समेवर," पोरे ओरडत.

"आणि हात मोकळा कुठं सोडला?"

"पाचव्या मात्रेला."

की पुन्हा फुगडी! आधी संथ, मग दुप्पट लयीत. सरकारी वेळेत, सरकारी अंगणात फुगडी. शिक्षणखात्याच्या कोणत्या नियमात फुगडी बसते, हे मला कोणी दाखवून द्यावे.

बुधवारी मी अर्ज लिहिला. "सदर स्त्री, वय अंदाजे पंचवीस, आवाज तार व भरदार, शाळेची नोकर नसताना रोज अंगणात येऊन मुलांना नाचवते. तिला मज्जाव करावा व तिला बोलावणाऱ्या शिक्षिकेची बदली करावी." वय मी आवाजावरून ठरवले. तीस वर्षे कचेरीत जबान्या लिहिलेल्या माणसाचा कान चुकत नसतो. पाकीट चिकटवले तोच आमच्या सौभाग्यवती गयाबाई दारात आल्या.

"आवो, मी शाळेत चालले."

"हूं."

"भाकरी झाकून ठेवलीय."

"हूं. जाता जाता एवढं टपालात टाक."

त्यांनी टाकले.

शनिवारी परभणीहून विस्तार अधिकारी आले. माझ्या अर्जावरून कोणी जागचे हलण्याची ही आयुष्यातील पहिलीच वेळ, म्हणून मी कोट घातला. अंगणात लिंबाच्या फांदीला झोका होता. त्यावर एक पोर बसली होती आणि एक स्त्री आमच्याकडे पाठ करून तिला झोके देत गात होती. झोका वर गेला की सूर चढे, खाली आला की उतरे.

"अर्जदार, हीच का ती स्त्री?"

"हीच," मी म्हणालो. पाठीवरून ओळख पटवू नये, हे मला कळत होते, तरी म्हणालो.

स्त्री वळली.

"तुमी?" गयाबाई म्हणाल्या. "जेवलाव का?"

साहेबांनी अर्ज सर्वांदेखत वाचला. मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. गयाबाई मात्र पुढे सरकल्या.

"वय किती म्हनलं, साहेब?"

"पंचवीस."

"आन आवाज?"

"तार व भरदार."

"ह्यांनी लिवलंय?"

"सही तर यांचीच आहे."

"परत एकदा वाचा बरं."

साहेबांनी वाचले, मग विचारले, "पण बाई, तुम्ही इथं कशा?"

"मास्तरीणबाईला पंचमीची गाणी पाहिजे होती. माझं माहेर वालूर, मला लय येतात. झोका चढला की सूर चढतो, ह्याला बाई आरोह म्हनतेत. आमी निस्तं झोका म्हनायचो."

"घरी सांगितलं होतं?"

"रोज सांगायले. हे रोज हूं म्हनायलेत."

साहेब माझ्याकडे वळले. अर्ज कायम राहिला तर मास्तरीणबाईंकडून खुलासा मागवावा लागेल. बदलीही टळणार नाही. ते ऐकून गयाबाईंनी खोचलेला पदर सोडला. "उद्यापासून मी यायची न्हाई. पोरीच्या नोकरीला हात लावू नका, साहेब."

झोक्यावरची पोर पाय टेकून थांबली. आणि मला एकदम आठवले. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात गयाबाई चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होत्या, मी लिहीत होतो, आणि "जरा गप" एवढेच बोललो होतो. तो हुकूम मी नंतर कधी मागे घेतला नाही. त्यांनी तो तेहतीस वर्षे पाळला.

मी आजवर एकही अर्ज मागे घेतलेला नाही. पण वर्णन जुळले नाही तर अर्ज आपोआप पडतो. मी पेन काढून लिहून दिले: "समक्ष पाहता सदर स्त्री पंचवीस वर्षांची नसून बावन्न वर्षांची आहे. सबब अर्जातील स्त्री ती ही नव्हे. प्रकरण निकाली काढावे." साहेबांनी तेही मोठ्याने वाचले. मास्तरीणबाई बदलीतून वाचल्या. गयाबाईंनी पदर पुन्हा खोचला आणि झोक्याकडे जाता जाता म्हणाल्या, "ह्याच्यापरीस अर्ज बरा होता."

आता चौथी असामी. ज्या स्त्रीच्या हातची भाकरी तेहतीस वर्षे खाल्ली, तिचा गाता आवाज नामालूम कसा राहिला, याचा खुलासा अर्जदाराने, म्हणजे मी, जाहीरपणे करावा अशी माझी मागणी आहे. मुदत आठ दिवस. उत्तर पूर्ण वाक्यात असावे. "हूं" ग्राह्य धरले जाणार नाही.