झिपमधली १९८० सालची फाइल

मंडळी, आज कंपनीत मी सगळ्यांसमोर पाटीलला नको ते बोललो. तो माझा धुळ्याकडचा सोबती.

कार रेसच्या गेममध्ये मी आपले सिल्वासाचे रस्ते टाकले, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या गेमच्या झिपची फ्लॉपी आठवडाभर पाटीलकडे होती, काल परत आली, रात्री माझ्या घरी होती. आज कंपनीत उघडली तर दुधनीच्या रस्त्यावरच्या पाटीवर गावाचं नाव नाही. तिथे लिहिलंय, "हा माणूस घरात असून नसल्यासारखा."

झिपमधली तेवढी एकच फाइल बदललेली.

पाटील म्हणाला, "भाऊ, मी नुसता खेळलो. झिपमध्ये फाइल कशी टाकता तेबी मला माहीत नाही." मी ऐकलं नाही.

मग त्या फाइलची तारीख पाहिली. १ जानेवारी १९८०. आतली बॅटरी गेलेला कॉम्प्युटर चालू केला की हीच तारीख धरतो. तसा कॉम्प्युटर माझ्या माहितीत एकच आहे, डोकमर्डीला, माझ्या घरी. मी त्यावर बसलो की आधी तारीख बदलून घेतो. आणि घरी आम्ही दोघंच. बायको म्हणते, तिला त्यातलं काही कळत नाही.

आत्ता ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे. मी अजून काही विचारलेलं नाही.

पाटीलची माफी उद्या मागेन. पण मंडळी, जिला हे जमतं, तिने या कॉम्प्युटरवर माझं आणखी काय काय उघडून वाचलं असेल?