वन्संच्या चुळा

बाळांनो, पोटात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची इतकी कसून झडती घेणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं सापडायचं नाही. मी तुमच्या आजोबांच्या बहिणीबद्दल, माझ्या वन्संबद्दल सांगते आहे. पिशोरच्या एका लग्नात त्या पंगत सोडून थेट चुलाणापाशी गेल्या. "आमटीत काय काय टाकलं रं?" आचाऱ्याने बिचाऱ्याने सगळा मसाला सांगितला. "अन् खोबरं करपलं, ते नाय सांगितलंस," एवढं बोलून त्या परत आल्या आणि दोन वाट्या आमटी प्यायल्या! खोकल्याचं औषधसुद्धा दुकानदाराकडून वाचून घेतल्याशिवाय त्या घरात आणत नसत. त्याला मात्र कारण होतं. त्यांच्या यजमानांनी, माझ्या भावजींनी, फार वर्षांपूर्वी वन्संचा हात हातात घेऊन दारू सोडली होती. तेव्हापासून घरात तिचा थेंब येऊ द्यायचा नाही, ही वन्संची शपथ.

गेल्या उन्हाळ्यात वन्संचं तोंड आलं. जिभेला पाणीसुद्धा झोंबू लागलं. सुनेने गुळण्या करायला निळं माउथवॉश आणून दिलं, आणि या एकाच वस्तूची वन्संनी चौकशी केली नाही. का, तर "थुंकायचंच तर हाय!" त्याने आग व्हायची. त्यांना वाटे, औषध लागू पडतंय. म्हणून त्या आणखी चुळा भरायच्या. मी समाचाराला शहागंजच्या बाजारातून मोसंबी घेऊन गेले, तेव्हा सवयीने बाटलीवरचं इंग्रजी वाचलं. मेन्थॉल, रंग, अल्कोहोल.

"अल्कोहोल म्हंजी काय, वहिनी?"

"दारूच की, वन्सं. तीच झोंबतेय तुम्हाला."

वन्संनी माझ्या हातून बाटली घेतली आणि त्या दाराशी जाऊन बसल्या. मी परोपरीने समजावलं, पण भावजी फिरून येईपर्यंत त्यांनी पाणीही घेतलं नाही. ते आत येताच बाटली त्यांच्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "अहो, घरात थेंब येऊ द्यायचा नाय म्हणून शपथ घेतली, अन् मीच दारूनं चुळा भरत बसले."

भावजी हसले नाहीत. बाटली घेऊन ते मोरीत गेले आणि मान वळवून त्यांनी ती रिकामी केली. मग म्हणाले, "मी पीत होतो तवा तू उपाशी बसायचीस. आता तुझ्यापायी मी उपाशी बसू व्हय? ऊठ."

गार दुधात त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करली. वन्संनी पहिला घास घेतला, डोळे मिटून गिळला. भावजी समोर बसून, त्या दुसरा घास कधी घेतात, त्याची वाट बघत राहिले.