फाटकापलीकडचा डबा

मेधाचा फोन आला तेव्हा मी इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीखाली कचरा वेगळा करत होतो. बाटल्यांचा वार होता. "शिरीष भावजी, मिलिंद सकाळी गेला..." एवढंच ती बोलू शकली. हातातली बाटली मी भलत्याच पेटीत टाकली, मग परत काढून योग्य पेटीत ठेवली. मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस असलं काही करतो, याची लाज वाटते. पण आज सांगायची आहे ती लाज वेगळी, वीस वर्षांची.

पुण्याहून आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांची जपानात रीघ लागली होती, त्या दिवसांत मिलिंद आणि मी एकाच कंत्राटावर तोयोसुच्या ऑफिसात आलो. दोघांनी जुन्या सायकली घेतल्या. दर रविवारी नदीकाठाने समुद्रापर्यंत जायचो. तो पुढे, मी धापा टाकत मागे. प्रत्येक पुलाखाली थांबून तो माझी वाट बघायचा आणि मी पोचलो की "या सरदार!" म्हणायचा. मग त्याला डोंगरापलीकडच्या एका लहान गावी क्लायंटकडे पाठवलं. त्याची बायको मेधा बाळंतपणासाठी पुण्यात. मराठी सोडाच, हिंदी बोलायलाही तिथे कुणी नव्हतं. दोन महिन्यांनी फोनवर म्हणाला, "शिऱ्या, मला समोरासमोर बसून मराठीत भांडायचंय रे कुणाशी तरी." मेच्या सुट्टीत दोघांनी आपापल्या बाजूने सायकलने निघायचं आणि दोन प्रांतांच्या हद्दीवर, घाटमाथ्यावर भेटायचं ठरलं. मला दोन दिवस लागणार होते, त्याला एक. "थालीपिठं मी आणतो, तू फक्त ये," तो म्हणाला. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शेजारच्या टेबलावरच्या मोरी-साननी सांगितलं की हिवाळ्यात घाटरस्ता बंद करतात ते माथ्यावरचं फाटक अजून उघडलेलं नाही, आमच्या बाजूला बर्फ आहे, शेवटचे दोन किलोमीटर चालावं लागेल. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सरावाच्या नावाने बोंब होती. मिलिंदला फोन करायला हवा होता, पण तो काय म्हणेल ते ठाऊक होतं: "फाटक गाड्यांसाठी असतं. तू अलीकडे बस, मी पलीकडे बसतो." म्हणून तो ऑफिसातून निघाला असेल याची खात्री झाल्यावर मी त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल केली. आठवडाभराची सुट्टी लागली होती. ती मेल तो वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. मी गादीवर पडून मोबाईलकडे बघत राहिलो...

रविवारी घाट उतरून आल्यावर त्याने पुन्हा फोन केला. वर रेंज नव्हती. चार तास थांबला होता. मी उलट आवाज चढवला, "अरे, मेल केली होती ना मी!" तो म्हणाला, "चुकलंच माझं. निघताना मेल बघायला हवी होती. काल फोन केला होता, पण वाटलं दमून झोपला असशील. सॉरी यार." आणि मी "असू दे रे" म्हणालो. मी, त्याला, माफ केलं! पुढे तो पुण्याला परतला, मी इथेच राहिलो. जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तो चारचौघांत हा किस्सा स्वतःच्या वेंधळेपणाचा म्हणून रंगवून सांगायचा, आणि मीही सगळ्यांबरोबर हसायचो. खरं सांगायला वीस वर्षं हातात होती. तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात मेधाने त्याच्या कपाटात सापडलेला एक फोटो पाठवला. "भावजी, हे कुठलं? मागे तुमचं नाव लिहिलंय." तिला अजून उत्तर दिलेलं नाही, आधी हे लिहायला बसलो. फोटोत लोखंडी फाटक आहे. अलीकडे मिलिंदची सायकल आणि उघडा, अर्धा खाल्लेला डबा. दुसरा डबा, झाकण लावलेला, त्याने दांड्याखालून पलीकडे सरकवून ठेवलाय, माझ्या बाजूला. त्याच्यापुढे रस्ताभर बर्फ आहे, आणि त्यावर चाकाची एकही खूण नाही.